दार कुठंय या घराला? न्यू जर्सीतल्या एका स्प्लिट-लेव्हल घराच्या दर्शनी भागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीत, एडिसन-पिस्कॅटवेच्या आसपास, घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाला कधी ना कधी स्प्लिट-लेव्हल घर दाखवलं जातंच. शाळा चांगली असते, स्टेशन जवळ असतं आणि त्याच गल्लीतल्या कलोनिअल (सरळ दुमजली) घरापेक्षा किंमत बऱ्याचदा कमी असते. आत शिरल्यावर घर आवडतं. बाहेर येऊन रस्त्यावरून बघितलं की मन जरा खट्टू होतं, पण ‘ते नंतर बघू’ म्हणून व्यवहार होतो.

ही घरं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांची, मुख्यतः १९५० आणि १९६०च्या दशकांतली. घराचा एक भाग एकमजली, दुसरा दुमजली, आणि दोन्ही भागांतले मजले एकमेकांना अर्ध्या मजल्याने चुकवलेले. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मधल्या पातळीवर. तिथून सहा-सात पायऱ्या चढलं की बेडरूम, तेवढ्याच उतरलं की गॅरेज आणि फॅमिली रूम. लहान प्लॉटवर जास्त जागा बसवायची आणि खोल खोदकाम टाळायचं, असा तो हिशेब होता. आपल्याकडचे लोक बाय-लेव्हललाही सर्रास स्प्लिट म्हणतात, पण ते वेगळं: तिथे दारातून आत गेल्या गेल्या एक जिना वर आणि एक खाली जातो. इथे गोष्ट चालली आहे ती खऱ्या तीन पातळ्यांच्या घराची.

प्रस्तुत घर १९६२चं. नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, दोन शाळकरी मुलं, आणि वर्षाआड उन्हाळ्यात सांगलीकडून येऊन राहणाऱ्या आजी, म्हणजे मालकांच्या आई. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, आणि मापं व खर्च पूर्णांकात दिले आहेत. माझं काम घराचा आराखडा करून देणं आणि काम संपेपर्यंत ठेकेदार व मालक यांच्या मधे उभं राहणं एवढंच होतं.

अडचण

मला बोलावलं गेलं ते रंगासाठी. मालकीणबाईंच्या फोनवर फोटो तयार होते: पांढरंशुभ्र किंवा कोळशासारखं करडं घर, काळ्या चौकटीच्या खिडक्या. गेल्या काही वर्षांत अख्ख्या अमेरिकेत याच दोन रंगांची साथ आली आहे. मी म्हटलं, रंगाचं मागाहून बोलू, आधी सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहू. आजीही आल्या. दोन मिनिटं शांतपणे बघून त्या म्हणाल्या, “आधी मला सांगा, दार कुठंय या घराला?”

निदान त्यांनीच करून टाकलं होतं. रस्त्यावरून दिसत होतं ते उजवीकडच्या दुमजली भागाचं सोळा फुटी पांढरं गॅरेजचं दार. घरातली सर्वांत मोठी आणि सर्वांत उजळ वस्तू तीच. हा भाग डावीकडच्या एकमजली भागापेक्षा चार फूट पुढे आलेला, आणि मुख्य दार नेमकं त्या दोन भागांच्या आतल्या कोपऱ्यात, सावलीत. त्याच्यापुढे घर बांधलं तेव्हा लावलेली यू नावाची सदाहरित झुडपं, आता छातीइतकी उंच. दाराकडे जायची वाट म्हणजे ड्राइव्हवेच्या कडेने गेलेली तीन फुटी काँक्रीटची पट्टी. त्यातही एक माणूस कचऱ्याचा डबा ओढत येत असला तर समोरच्याने गवतात उतरायचं.

शिवाय समोरच्या एका भिंतीवर किती वस्तू असाव्यात? खाली लाल विटा. मोठ्या खिडकीखाली दगडाचं ठिगळ. वरच्या मजल्यावर पांढरं ॲल्युमिनियमचं साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं आडव्या पट्ट्यांचं आवरण. त्रिकोणी शिरोभागात उभ्या फळ्या. खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना काळी प्लास्टिकची शटर्स, तीही चौदा इंची आणि मधली खिडकी पाच फुटी. खरी झडप लावली तर प्रत्येक पाखं खिडकीच्या निम्म्या रुंदीचं हवं, ही साधी गोष्ट. चौदा इंची पाखं मिटून पाच फुटी खिडकी कधीच झाकणार नाही, आणि डोळ्याला ते कळतं, कारण सांगता आलं नाही तरी. ॲल्युमिनियमवरून बोट फिरवलं की पिठासारखी पांढरी भुकटी हाताला लागायची. जुना रंग उन्हाने झिजून असा भुरभुरतो. ते साइडिंग धुऊन उपयोग नव्हता.

दिसण्याइतकीच वापराचीही तक्रार होती. पाहुणे गॅरेजमधून यायचे. गणपतीला तीस-चाळीस माणसं येणार, ती गाड्या, सायकली, बर्फाचं फावडं आणि कॉस्टकोच्या पाण्याच्या पेट्या ओलांडून वर चढणार. मुख्य दारापुढची पायरी चार बाय चार फुटांची. बाहेरच्या बाजूला काचेचं स्टॉर्म डोअर, बाहेर उघडणारं. ते उघडायचं म्हणजे आलेल्या माणसाने एक पायरी मागे उतरायचं. रांगोळी काढली तर दाराच्या पहिल्याच फटकाऱ्यात पुसली जायची, आणि तोरण दोन दारांच्या मधल्या फटीत चेंगरलेलं. आजींच्या गुडघ्यांना साडेसात इंची, उतरत्या कडांच्या जुन्या पायऱ्या झेपत नव्हत्या.

माझं म्हणणं असं होतं की या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. घर विस्कळीत दिसतं आणि लोक गॅरेजमधून येतात, दोन्हींचं मूळ एकच: या घराला प्रवेश नाही. तेव्हा पैसा आधी तिथे घालायचा.

समोर असलेल्या वाटा

पहिली वाट मालकांच्या मनातली: एकमजली भागावर मजला चढवायचा, म्हणजे घर समोरून सलग दुमजली दिसेल, स्प्लिट आहे हे कळणारच नाही. दिसायला हा उपाय सर्वांत पूर्ण, आणि सर्वांत महाग. दोन लाख डॉलरच्या खाली कुणी बोलायलाच तयार नव्हतं. पण मला खर्चापेक्षा दुसरीच गोष्ट खुपत होती. डाव्या भागाचा नवा मजला उजवीकडच्या बेडरूमच्या मजल्यापेक्षा अर्धा मजला वर येणार. म्हणजे बाहेरून स्प्लिट लपलं तरी आत आणखी एक अर्धा जिना वाढणार. ज्या घरात गुडघेदुखीचा माणूस येऊन राहतो, तिथे हे करायचं? मालकांनी हा विचार सोडायला वेळ घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता. घरात पुढे एक खोली जास्त लागणार होती का, हा प्रश्न त्याआड दडलेला होता. लागणार नव्हती.

दुसरी वाट मालकीणबाईंची: काही तोडायचं नाही, सगळ्यावर एकच रंग मारायचा, विटांसकट. पंधरा हजारांत काम आटोपलं असतं. फोटोत घर ताजं दिसलंही असतं. पण दार तिथेच राहिलं असतं, कोपऱ्यात.

तिसरी वाट: स्प्लिट आहे ते मान्य करायचं आणि त्याच्या आडव्या रेषांशी भांडायचं नाही. दारापुढे छप्पर असलेली ओसरी, रुंद वाट, समोरच्या भिंतीवर दोनच साहित्यं, आणि गॅरेजचं दार मागे सरल्यासारखं वाटेल असं काहीतरी. अंदाज साठ हजार, वर दहा टक्के अडीअडचणीला.

ओसरी किती खोल?

तिसरी वाट ठरली, आणि लगेच सर्वांत महत्त्वाचा निर्णय समोर आला. मालकांना आठ फूट खोल ओसरी हवी होती, दोन खुर्च्या टाकून चहा घेता येईल अशी. टाउनशिपच्या झोनिंगप्रमाणे, म्हणजे गावाच्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे, घर रस्त्याकडच्या हद्दीपासून तीस फूट मागे हवं. पायऱ्या त्या पट्ट्यात चालतात, छप्पर चालत नाही. नियम गावागणिक बदलतात. शेजारच्याच गावात उघड्या ओसरीला काही फुटांची सूट आहे.

घर घेतानाचा सर्व्हे काढला. गॅरेजचा पुढे आलेला भाग हद्दीपासून बत्तीस फुटांवर. मुख्य दाराची भिंत चार फूट मागे, म्हणजे छत्तीस. आठ फुटी ओसरीचं छप्पर अठ्ठावीसवर येणार आणि नियम मोडणार. मग व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागावा लागतो: झोनिंग बोर्डापुढे अर्ज, त्याची फी आणि बोर्डाच्या तज्ज्ञांसाठी वेगळी रक्कम, दोनशे फुटांच्या आतल्या सर्व मालमत्ताधारकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस, वर्तमानपत्रात जाहिरात. मिळतो बऱ्याचदा. पण काही महिने जातात, आणि तोवर काम सुरू करण्याचा मोसम टळतो.

इथे कागदावर आकडे मांडून बसल्यावर एक गंमत हाती आली. ओसरीचं छप्पर वळचणीसकट साडेपाच फूट केलं तर त्याची कड साडेतीस फुटांवर येते. गॅरेजच्या दारावर दीड फुटाचं पट्टीसारखं छप्पर काढलं तर त्याचीही कड साडेतीसवरच. म्हणजे दोन्ही मिळून वळचणीची एकच सलग रेघ, गॅरेजच्या टोकापासून दिवाणखान्याच्या खिडकीपर्यंत. व्हेरिअन्सची गरज नाही, आणि दोन विजोड भाग एका ओळीत बांधले जातात. नियमाने अडवलं नसतं तर ही रेघ कदाचित सुचलीच नसती.

खोली गेली ती लांबीत भरून काढली: ओसरी बारा फूट लांब, खिडकीच्या खालपर्यंत. खुर्च्या समोरासमोर बसत नाहीत, पण टोकाला भिंतीलगत बाक बसतं. मालकांनी तक्रार केली, मग टेपने जमिनीवर मापं आखून त्यावर स्वतः खुर्ची ठेवून बघितली, आणि मानले.

एक धोका मी आधीच सांगितला होता: ओसरीसाठी परमिट काढलं की करनिर्धारकापर्यंत खबर जाते आणि घराचं मूल्यांकन थोडं वाढू शकतं. साइडिंगचं तसं नाही. एक-दोन कुटुंबांच्या घरांवरचं साधं साइडिंग न्यू जर्सीत २०१८पासून परमिटविना चालणाऱ्या देखभालीत मोडतं. काही ठेकेदार ‘ओसरीही तशीच उरकून टाकू’ म्हणतात. त्यांचं ऐकू नये. घर विकताना ते कागद मागितले जातात.

विटा रंगवायच्या का?

यावर घरात सर्वांत जास्त वाद झाला. मालकीणबाईंना लाल रंग नको होता, आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची नव्हती. ती वीट सुंदर म्हणावी अशी नाही.

पण १९६०च्या दशकातल्या या घरांची वीट भिंत पेलत नाही. लाकडी सांगाड्याच्या पुढे ती एका थरात उभी केलेली असते. पाऊस तिच्यात मुरतो आणि तिच्यातूनच सुकतो. ॲक्रिलिक रंगाचा पापुद्रा बसला की आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तेच पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं. काही वर्षांत विटांचे पोपडे सुटतात. शिवाय एकदा रंगवलेली वीट पुन्हा मूळची होत नाही, दर काही वर्षांनी रंगवत बसावी लागते. रंग द्यायचाच तर चुनाधारित किंवा सिलिकेटचा, ज्यातून भिंत श्वास घेते.

तोडगा असा निघाला की दगडाचं ठिगळ काढून तिथे तशाच जुन्या विटा बसवायच्या, विटांमधल्या दरजा भरून घ्यायच्या, भिंत नुसती धुवायची, आणि बाकीचे रंग विटेला धरून निवडायचे. थंड करडा रंग लाल विटेशेजारी निळसर आणि आजारी दिसतो. तीन फुटी फळ्यांवर चार रंग मारून त्या विटेला टेकवून ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाहिल्या. शेवटी हिरवट छटेचा, मातकट करडा ठरला. दुकानातल्या बोटभर कार्डावर त्याच रंगाला सर्वांनी नाक मुरडलं होतं. वर्षभर थांबून तरीही वीट नकोशी वाटली तर चुन्याचा हात द्यायचा, एवढी मुभा मालकीणबाईंनी राखून ठेवली.

साइडिंग, गॅरेज आणि खिडक्या

साइडिंगमध्ये व्हायनिल (प्लास्टिकच्या पट्ट्या) स्वस्त, फायबर सिमेंट (तंतू मिसळलेल्या सिमेंटच्या फळ्या) जवळपास दुप्पट. व्हायनिल वाईट नसतं, मात्र ते लावणारा घाईत असला तर वाईट दिसतं. पट्ट्या उन्हात सरकतात, म्हणून खिळा खाचेच्या मध्यात आणि किंचित सैल ठोकावा लागतो. घट्ट ठोकलं की उन्हाळ्यात भिंतीला लाटा येतात. गडद रंग हवा असेल तर व्हायनिलबाबत जास्तच जपावं. शेजाऱ्याच्या खिडकीच्या लो-ई (उष्णता परतवणाऱ्या) काचेवरून परावर्तित झालेल्या उन्हाने ते वितळल्याची उदाहरणं आहेत. पुढच्या दर्शनी भागावर फायबर सिमेंट आणि बाकी तीन बाजूंना जुळत्या रंगाचं व्हायनिल, असं ठरलं. खर्च तेवढ्यात बसत होता.

गॅरेजचं दार बदललं: पांढऱ्याऐवजी साइडिंगच्याच रंगाचं, सपाट लांब फळ्यांचं, वर काचांची एक ओळ. यात काही कल्पकता नाही, पण खर्चाच्या मानाने सर्वांत मोठा फरक यानेच पडला. अमेरिकेतल्या ‘कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू’ अहवालात २०२४ साली गुंतवणुकीच्या परताव्यात गॅरेजचं दार पहिलं होतं, ते उगीच नाही. घराच्या समोरच्या भागातला निम्मा खालचा पट्टा तेच तर व्यापतं. मुख्य दाराला मात्र गडद कुंकवाचा रंग दिला, म्हणजे नजर जिथे जायला हवी तिथे जाते.

शटर्स काढून टाकली. वरच्या बेडरूमच्या दोन बुटक्या खिडक्या बदलायला पैसे नव्हते. त्यांच्याभोवती चार इंची चौकट मारून मधल्या जागेत त्याच रंगाची फळी बसवली. आता दोन्ही मिळून एक लांब पट्टी दिसते. सर्वांत स्वस्त काम.

काम सुरू झाल्यावर

खोदायच्या आधी ८११ला, म्हणजे खोदकाम कळवायच्या क्रमांकाला, फोन करून जमिनीखालच्या गॅसच्या नळांच्या आणि विजेच्या तारांच्या खुणा करून घेतल्या. खांबांचे पाये तीन फूट खोल गेले, कारण त्यापेक्षा वर ठेवले तर गोठलेली माती त्यांना उचलते. घर १९७८च्या, म्हणजे घराच्या रंगातल्या शिशावर बंदी येण्याच्या, आधीचं असल्याने ॲल्युमिनियमखालच्या जुन्या रंगाची शिशासाठी तपासणी केली. खिडक्यांच्या चौकटीत शिसं निघालं. त्यामुळे प्रमाणपत्र असलेलाच ठेकेदार लागला, आणि भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरून काम करावं लागलं. शेजारच्या घरात तान्हं बाळ होतं. मालकीणबाई आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगून आल्या.

मग ॲल्युमिनियम उतरलं, आणि कोपरा उघडा पडला.

स्प्लिट-लेव्हल घराची एक दुखरी जागा असते आणि ती प्रत्येक मालकाला माहीत असायला हवी. खालच्या भागाचं छप्पर जिथे वरच्या भागाच्या बाजूच्या भिंतीला टेकतं, तिथे छपराचं पाणी भिंतीच्या कडेने वाहत खाली येतं. वळचण भिंतीपाशी संपते त्या टोकाला पाण्याला बाहेर, पन्हळीत ढकलणारा पत्र्याचा एक वळवलेला तुकडा हवा. त्याला किक-आउट फ्लॅशिंग म्हणतात. तळहाताहून थोडा मोठा तुकडा, किंमत काही डॉलर. इथे तो नव्हताच. पाणी पिढ्यान्पिढ्या साइडिंगच्या मागे शिरत होतं. मुख्य दाराच्या बाजूच्या भिंतीतली फळी हाताने कुस्करली जात होती. पेचकस कोपऱ्यातल्या लाकडी खांबात मुठीपर्यंत घुसला. गॅरेजच्या छताच्या कोपऱ्यात एक पिवळसर डाग आधीपासून होता. घर घेतानाच्या तपासणीत तो ‘जुना, कोरडा’ म्हणून नोंदवला गेला होता आणि नंतर त्यावर रंग लागला होता.

ठेकेदाराने दोन पर्याय ठेवले. वरवरची फळी बदलून पुढे जायचं: दीड दिवस, दीड हजार. किंवा जोत्यापासून छपरापर्यंत कोपरा उघडून सडलेलं सगळं लाकूड बदलायचं: साडेसहा हजार, आणि ओसरीचं काम दोन आठवडे मागे. माझा सल्ला दुसऱ्याचा होता. नव्या ओसरीचं छप्पर त्याच कोपऱ्यात टेकणार होतं, तेव्हा पुन्हा कधी तो उघडायचा तर ओसरी तोडावी लागली असती. मालक गप्प राहिले. अडीअडचणीचे सहा हजार एका फटक्यात संपत होते. रात्री दोघांनी हिशेब केला, आणि बागेसाठी ठेवलेले पैसे पुढच्या वर्षावर ढकलून होकार दिला.

वाढीव कामाचा कागद मात्र हातोडा पडायच्या आधी झाला: काय बदलणार, किती लाकूड, किती पैसे, दोघांच्या सह्या. न्यू जर्सीत पाचशे डॉलरवरच्या घरदुरुस्तीचा करार लेखी असावा लागतो. भिंत उघडी, आभाळ भरलेलं आणि ठेकेदार ओळखीतून आलेला, अशा वेळी ‘होऊ दे, बघू मग’ म्हणण्याकडेच आपला कल असतो.

पायऱ्यांचा निर्णय त्या मानाने सोपा होता. वाट चार इंचांनी हळूहळू चढवत नेली, म्हणजे अठ्ठावीस इंचांची चढण चोवीसवर आली. सहा इंची चार पायऱ्या, चौदा इंच रुंद पाय ठेवायला, ब्लूस्टोन नावाच्या निळसर दगडाच्या, दोन्ही बाजूंना कठडा. आजींनी त्यावर चार वेळा चढ-उतार केली आणि कठडा दोन इंच खाली हवा म्हणून सांगितलं. नियमात बसत होतं, केलं.

परिणाम

खर्च साठवरून एकोणसत्तर हजारांपर्यंत गेला. साइडिंग बावीस, ओसरी आणि गॅरेजवरची पट्टी एकोणीस, दोन्ही दारं सात, वाट आणि पायऱ्या साडेआठ, दिवे आणि झाडं साडेतीन, कोपऱ्याची दुरुस्ती साडेसहा. उरलेले अडीच हजार पहिल्या हिवाळ्याने खाल्ले, त्याबद्दल पुढे. बागेचे ढकललेले पैसे दुसऱ्या वर्षी लागले, ते यातच धरले आहेत.

घर आता स्प्लिट नाही असं कुणी म्हणणार नाही. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला ते दोन घरांचे जोडलेले तुकडे वाटत नाही. वळचणीची ती रेघ काम करते. पार्सलवाले आता खोकी गॅरेजपुढे टाकत नाहीत, दारात ठेवतात. सांगावं लागलं नाही. छप्पर आल्यामुळे स्टॉर्म डोअर काढून टाकता आलं, म्हणून चौकटीवर तोरणासाठी दोन हुक आणि खाली रांगोळीला पाच फुटांची कोरडी जागा आहे. गणपतीला चपला ओसरीवर राहिल्या. गॅरेजमधून आलं ते फक्त केटररचं सामान.

घराची किंमत किती वाढली? विकलेलं नाही, त्यामुळे आकडा सांगण्यात अर्थ नाही. कर थोडा वाढला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, तो कोपरा. छत आणि भिंत मिळते तिथलं साइडिंग दोन फुटांत उचकटून बघायला एका कारागिराचा अर्धा दिवस पुरतो. ते आराखड्याच्या वेळीच करून घेतलं असतं तर साडेसहा हजार लागलेच असते, पण अंदाजपत्रकात, धक्का म्हणून नव्हे. या वयाच्या स्प्लिट-लेव्हलला दहा टक्क्यांची राखीव रक्कम अपुरी आहे. मी आता पंधरा ते वीस सांगतो.

दुसरं, पाणी. उजवीकडच्या वरच्या छपराचा पन्हळीचा नळ जुन्याच जागी राहू दिला होता आणि तो आता ओसरीच्या छपरावर रिकामा होत होता. पहिल्या हिवाळ्यात दिवसा वितळलेलं पाणी तिथून ओघळून रात्री नव्या पायऱ्यांवर गोठलं. कुणी पडलं नाही, हे नशीब. नंतर तो नळ भिंतीच्या कडेने खाली आणून जमिनीखालच्या पाइपने दहा फूट लांब सोडला, त्यासाठी नवी वाट एका ठिकाणी उखडावी लागली. ओसरी आखतानाच पाण्याचा नकाशा काढायला हवा होता. नवं छप्पर म्हणजे पाण्याची नवी वाट, हे काम दिसण्याच्या कामात विसरलं जातं.

तिसरं, साइडिंगचा सांधा. फायबर सिमेंट आणि व्हायनिल घराच्या बाहेरच्या कोपऱ्यावर एकमेकांना भेटतात. सकाळी अकराच्या सुमाराला तिरपं ऊन पडलं की एकाच नावाचे दोन रंग वेगळे दिसतात. साहित्य बदलायचं तर ते आतल्या कोपऱ्यात बदलावं, जिथे सावली असते. या घरात त्यासाठी डावी बाजूही फायबर सिमेंटची करावी लागली असती, म्हणजे आणखी पाचेक हजार. मालक म्हणतात, दिसत नाही. मालकीणबाई म्हणतात, दिसतं.

ओसरीच्या खोलीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. व्हेरिअन्स मागून आठ फूट केली असती तर कुटुंबाला बसायची जागा मिळाली असती, पण सलग रेघ गेली असती आणि दिवाणखान्यात उजेड कमी झाला असता. हेच घर पश्चिमेच्या कडक उन्हाकडे तोंड करून असतं तर मी कदाचित व्हेरिअन्सच्याच बाजूने बोललो असतो. हे उत्तरमुखी आहे.

विटा अजून लाल आहेत. वर्षाची मुदत उलटून गेली, चुन्याचा विषय निघालेला नाही. वरच्या बेडरूमच्या खिडक्या तेवढ्या राहिल्या आहेत. बदलतील तेव्हा आग लागली तर बाहेर पडता येईल एवढी उघडझाप ठेवावी असं सांगून ठेवलं आहे, आणि त्या वेळी भोवतालची फळी सहज निघावी म्हणून ती गोंदाने न चिकटवता स्क्रूंवर बसवली आहे.